फुटामागे दोन सूत

मला इथे मास्तरीण म्हणतात आणि ते मला आवडतं. तुरुंगाच्या शिवणखात्यात बत्तीस बायका, अकरा मशिनी आणि मी. बारा वर्षं झाली. नवऱ्याला मारलं म्हणून आत आहे. इस्त्रीनं मारलं, त्यामुळे इथे मला इस्त्रीला हात लावू देत नाहीत, बाकी सगळं माझ्या ताब्यात. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे तुमचं अर्धं लक्ष तिकडे अडकायला नको.

खात्याच्या भिंतीवर एक पांढरी फळी आहे. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगानं काढलेली आहे. संध्याकाळी कात्री तिच्या जागी टांगली की काळं झाकलं जातं. एक जरी काळी कात्री उघडी दिसली, तर ती सापडेपर्यंत बत्तीस बायका दारात उभ्या. टाचण्यासुद्धा मोजून देतात आणि मोजून घेतात. टेपसाठी मात्र नुसता खिळा. टेपनं कोणाचं काय वाकडं होणार, असा त्यांचा हिशोब.

ती टेप माझी स्वतःची. मला माझ्या शिवणाच्या दुकानातून उचललं तेव्हा ती गळ्यातच होती. गेटवर जमा झाली आणि दोन महिन्यांनी खात्यात आली. पिवळी, कापडी, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या. आकडे पुसट झाले तेव्हा मी पेनानं परत गिरवले. खात्यात दुसरी टेप नव्हती. बाकीच्यांना मी तिच्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्या आखून दिल्या होत्या. चादरी, पिशव्या, गोधड्या, सगळं माझ्या टेपच्या मापानं. रात्री मी ती खिळ्याला टांगायची, टोपीचं वजन खाली. सकाळी गळ्यात घातली की मला माणसात आल्यासारखं वाटायचं.

रिळू आली तेव्हा तीन वर्षांची होती. आईबरोबर आत आली. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू देतात, मग बाहेर. ती दिवसभर माझ्या मशिनीखाली बसून रिकामी रिळं घरंगळवायची, म्हणून रिळू. मला ती टेपआजी म्हणायची. मला पोरं आवडत नाहीत. किरकिर करतात, चिकट हात कापडाला लावतात. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला ही कार्टी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची आणि ओरडायची, "टेपआजी, मोज!" मग काय करणार? मोजायची. तिची आई आकडा चौकटीवर साबणानं लिहायची.

आई शांत. बाहेर एका कपड्याच्या फॅक्टरीत कटिंगला होती. काय केलं होतं ते मी विचारलं नाही, आत ते विचारत नाहीत. तिच्या शिक्षेची चार वर्षं उरली होती. मला मावशी म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी झापलं होतं, "मी कोणाची मावशी-बिवशी नाही." तरी म्हणत राहिली, आणि मलाही सवय झाली.

रिळूला साडेपाच वर्षं झाली आणि आत्याचं पत्र आलं. आत्या म्हणजे रिळूच्या बापाची बहीण. बाप कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आत्यानं लिहिलं होतं, पोरीला मी सांभाळीन, पण तुझ्या तुरुंगापर्यंत दीड दिवसाचा प्रवास आहे आणि माझी स्वतःची तीन आहेत, भेटीला आणणं मला जमायचं नाही. सरळ लिहिलं होतं, बरं झालं. आत्याच्या गावाशेजारी मात्र एक खुला तुरुंग होता. तिथे भिंत नाही, कैदी शेडमध्ये काम करतात. रविवारी पोरं येतात आणि आईशेजारी बाकावर बसतात. मध्ये जाळी नाही. पण तिथे जायचं तर हातात कुशल कारागीर असल्याचं प्रमाणपत्र लागतं. शिवणाची परीक्षा वर्षातून एकदाच होते आणि ती रिळूच्या वाढदिवसाच्या तीन आठवडे आधी होती.

"मावशी, मला पास करा," रिळूची आई म्हणाली.

"मी कोण पास करणारी? तुझा हात पास करील. नाहीतर करणार नाही."

त्या वर्षी परीक्षेला तारा आला. गोधडीचा बारा इंची चौकोन, त्यात आठ पाकळ्यांचा तारा, असे नऊ चौकोन. नमुन्याचा कागद बघून खात्याच्या बाईंनी, म्हणजे आमच्यावरच्या अधिकारी बाईंनी, कपाळाला हात लावला. आमच्या बायका चौकोन जोडतात, त्रिकोण जोडतात, सरळ शिवण असली की डोळे मिटून मशीन मारतात. ताऱ्यात सरळ काही नसतं. आठ तिरक्या पाकळ्या, आठांची टोकं मधोमध एका बिंदूत यायला हवीत. प्रत्येक पाकळीच्या दोन कडा उरेब, म्हणजे कापड तिरकं कापलेलं. नुसत्या श्वासानं ताणतं. एका पाकळीत दोन दोऱ्यांची चूक झाली तर आठ पाकळ्यांत सोळा दोऱ्यांची होते आणि मधे टोपी उभी राहते. वर दोन पाकळ्यांच्या मधल्या खाचेत चौकोनी तुकडा बसवायचा, तोही वळण घेऊन. बाकीच्या परीक्षार्थी बायकांनी दुसऱ्या दिवशी नावं मागे घेतली. रिळूच्या आईनं घेतलं नाही.

तिचा पहिला तारा एवढा फुगला, की रिळूनं तो डोक्यावर घातला. मी हसले. आई हसली नाही.

"उसव," मी म्हटलं. "आणि आता हातावर विसंबू नकोस. हाताला अक्कल नसते. हत्यारं कर."

मग आम्ही हत्यारं केली. स्वयंपाकघरातल्या तेलाच्या डब्याचं झाकण बाईंकडून मागून घेतलं. त्यावर मी टेपनं पाकळी आखली, शिवणीच्या पाव इंचासकट. मशिनी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं पत्रा कापून, कडा कानशीनं घासून बोथट करून दिल्या. पाकळीच्या चारही कोपऱ्यांत, जिथे शिवण थांबायला हवी तिथे, दाभणानं भोकं पाडली. दुसरा साचा कोपऱ्याच्या चौकोनाचा, तिसरा कडेच्या त्रिकोणाचा. फळीवर या तीन साच्यांच्याही काळ्या आकृत्या निघाल्या, एवढं कौतुक. कापड सरकू नये म्हणून सुतारखात्यातला घासकागद पुठ्ठ्याला चिकटवला, त्याच्यावर कापड ठेवायचं. खुणेला अंघोळीच्या साबणाची वाळकी चिपटी, तिची धार पेन्सिलीहून बारीक येते. शिवण दाबायला चमचा. मला इस्त्री नाही म्हणून मी बारा वर्षं चमच्याच्या पाठीनं शिवणी दाबत आले आहे, आणि उरेबीसाठी तेच बरं. इस्त्री ताणते, चमचा ताणत नाही.

"भोकातून टिंब दे. टिंबापासून टिंबापर्यंत शिव. पुढे एक टाका गेला तर हात तोडीन."

"तोडा," ती म्हणायची आणि शिवायची.

दोन पाकळ्यांची जोडी, दोन जोड्यांचा अर्धा तारा, मग दोन अर्धे. मधल्या शिवणीला आधी एक टाचणी उभी, दोन्ही टोकांतून आरपार, मग बाजूला दोन. मागे सगळ्या शिवणी एकाच दिशेला वळवायच्या, म्हणजे मधोमध भिंगरीसारख्या बसतात आणि गाठ होत नाही. खाचेत चौकोन बसवताना सुई टिंबात खाली ठेवायची, मशिनीचा पाय उचलायचा, कापड फिरवायचं, पाय खाली. तिनं हे किती वेळा उसवलं? विचारू नका. बोटांची टोकं सोलवटली. जेवताना ताटात बोटानं पाकळ्या काढायची. मी शिकवते म्हणजे मी शिव्या देते, सगळ्यांना माहीत आहे. तिला जेवढ्या दिल्या तेवढ्या कोणाला दिल्या नसतील. तिनं एकदाही तोंड वर केलं नाही.

एकदाच केलं. तेच सांगायला बसले आहे.

झालं असं, की आत्यानं फ्रॉकसाठी पोरीचं माप मागवलं होतं. मीच घेतलं. छाती साडेएकवीस, उंची अमुक, बाही तमुक. महिन्याभरात निळा फ्रॉक आला. रिळू नाचत आली आणि फ्रॉक काखेत रुतला. पाठीचं बटण लागेना.

"वाढतेय ना घोडी," मी म्हटलं.

आईनं फ्रॉक उलटा केला, आतली शिवण बघितली, पुठ्ठ्याची पट्टी लावली, फ्रॉक कळवलेल्या मापाहून कमी भरला, मग माझ्या गळ्यातल्या टेपकडे बघितलं. "मावशी, रागावू नका. टेप सैल झाली असेल का? आमच्या फॅक्टरीत दर सहा महिन्यांनी टेप बदलायचे. कापडी टेप ताणते. स्टीलच्या पट्टीवर ताडून बघायचे."

बत्तीस बायका ऐकत होत्या. माझं डोकं फिरलं.

"तुझी फॅक्टरी राहिली गेटच्या बाहेर," मी म्हटलं. "तू नाक पुसत होतीस तेव्हापासून मी या टेपनं माणसांना कपडे घालतेय. आत्याला शिवता येत नसेल, तिनं कापड वाचवलं असेल. टेप सैल म्हणे! शिकायचं असेल तर शीक, नाहीतर ऊठ मशिनीवरून."

ती उठली नाही. "चुकलं मावशी," म्हणाली आणि पाकळी साच्यावर ठेवली.

आता खरं सांगते. त्याच आठवड्यात कापडाचा नवा तागा आला. काठावर पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, छापलेला होता, छत्तीस इंच. सगळ्या जेवायला गेल्या तेव्हा मी दार लोटून तो मोजला. सव्वापस्तीस. परत मोजला. सव्वापस्तीस. तसा पन्हा गेल्या कित्येक ताग्यांत सव्वापस्तीसच भरत होता. मी दर वेळी म्हणायचे, मिलवाले चोर, पाऊण इंच खातात. माझ्या सांगण्यावरून बाईंनी मिलला तक्रारीचं पत्रसुद्धा धाडलं होतं. त्या दिवशीही मी तेच म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, रिकाम्या खोलीत. मिलवाले चोर. आणि टेप गळ्यात घातली.

परीक्षेला अजून पाच आठवडे होते. बाईंना सांगून ऑफिसातली स्टीलची पट्टी मागवायला एक दिवस लागला असता. साचे नवे करायला दोन दिवस. मी मागवली नाही. मास्तरणीची टेप खोटी, हे बत्तीस बायकांपुढे कोण म्हणणार?

नऊ तारे झाले. काय झाले सांगू! टेबलावर टाकले की पाण्यासारखे पसरायचे. आठ टोकं एका बिंदूत, सुईचं टोकही मध्ये मावणार नाही. नऊच्या नऊ एकावर एक ठेवले तरी कडा एकच दिसायची. खात्याच्या बाई बघायला आल्या आणि नऊही चौकोन उलटेसुलटे करून बघत राहिल्या. मी रिळूच्या आईच्या पाठीवर थाप मारली. बारा वर्षांत मी कोणाच्या पाठीला हात लावला नव्हता. ती रडली, मग रिळू रडली, मग मी दोघींना ओरडले.

परीक्षक म्हणजे एक सडपातळ, मऊ आवाजाचा माणूस होता. त्यानं तारे उजेडात धरले, मागच्या भिंगऱ्या बघितल्या, नखानं टाके मोजले. "हे इथे शिवलं?" त्यानं विचारलं. बाई फुलल्या. मग त्यानं पिशवीतून स्टीलची पट्टी काढली.

पट्टी पहिल्या चौकोनावर टेकायच्या आधीच मला कळलं. माझ्या डोळ्यांपुढे तो तागा आला.

"सव्वाबारा," तो म्हणाला. दुसरा उचलला. "सव्वाबारा." तिसरा, चौथा. त्याला चूक शोधायची नव्हती हो, त्याला ती पुसायची होती. उभी लावली, आडवी लावली. नऊही सव्वाबारा. "एक सूत इकडेतिकडे मी सोडून दिलं असतं. आठ सुतांचा इंच, हे दोन सूत आहेत. फुटामागे दोन सूत. बाई, गोधडीला नऊ चौकोन एकमेकांना लागतील, पण ऑर्डरच्या मापानं कापलेल्या किनारीला लागणार नाहीत. नियमाप्रमाणे मापात नापास."

मी पुढे झाले. "साहेब, टेप माझी आहे. टेप ताणली आहे. साचे मी आखून दिलेत. हिनं मला सांगितलंही होतं. चूक माझी आहे, सगळी माझी."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे. "पण परीक्षेला नाव यांचं आहे," तो म्हणाला. "शिलाई उत्कृष्ट, असा शेरा मी लिहितो. पुढच्या वर्षी नक्की होईल."

बाईंनीही रदबदली केली. म्हणाल्या, पंधरा दिवस द्या, परत करून देईल. त्यानं मान हलवली. परीक्षा वर्षातून एकदा, तो तरी काय करणार? जाताना ती पट्टी त्यानं खात्याला भेट दिली. चांगला माणूस होता. मला त्याचा गळा धरावासा वाटत होता, पण धरायचा तर माझाच धरायला हवा होता.

रिळूची आई ताऱ्यांची चळत सारखी करत होती. मी जवळ गेले. "दे मला शिव्या," मी म्हटलं. "मोठ्यानं दे. सगळ्यांसमोर दे."

तिनं चौकोन कापडात बांधले.

वाढदिवसाच्या दिवशी आत्या आली. प्रवासानं पिचलेली बाई, हातात कापडी पिशवी. मी तिला शिवता येत नाही म्हणाले होते, आणि तिच्या अंगावरचं शिवण माझ्याहून बारीक होतं. खात्याच्या दारातच पोरीला निरोप द्यायचा होता, गेटपर्यंत जाऊ देत नाहीत. रिळूनं निळा फ्रॉक घातला होता. आईनं काखेची शिवण उसवून एक कळी, म्हणजे तिकोनी तुकडा, घातली होती, म्हणून तो बसला. ताऱ्यांची गोधडी करून पोरीबरोबर द्यायची परवानगी मागितली होती, ती आली नव्हती. खात्याचं कापड खात्यात राहतं.

रिळूला अजून नीट कळलं नव्हतं. तिला बसमध्ये खिडकीजवळ बसायचं होतं. जाता जाता तिला आठवलं आणि ती पळत चौकटीला पाठ लावून उभी राहिली. टाचा चिकटवल्या, मान ताठ केली.

"टेपआजी, मोज!"

माझ्या गळ्यात ती होतीच. मी वाकले. टोपी जमिनीवर टेकेना. कशीबशी लावली. "चव्वेचाळीस," मी म्हटलं.

"पंचेचाळीस," तिची आई म्हणाली. ती माझ्यामागे उभी होती. आवाज अगदी साधा होता, बाजारात कोणी भाव सांगावा तसा. "सकाळी मी पट्टीनं मोजलं. पंचेचाळीस भरते ती."

रिळूचा चेहरा उजळला. "एकदम एक इंच वाढले? आजच?"

"हो," आई म्हणाली. "आजच."

"टेपआजी, ऐकलंस? आज एक इंच!" ती आत्याचा हात धरून निघाली आणि वळणापर्यंत आत्याला तेच सांगत होती. आम्हाला ऐकू येत होतं. मग दार लागलं आणि ऐकू येईनासं झालं.

टेप मी त्याच दुपारी चुलीत घातली. पितळेच्या टोप्या तेवढ्या राहिल्या. आता फळीवर स्टीलच्या पट्टीची काळी आकृती आहे, मोठी, सगळ्यांत वर. नवे साचे झाले, बरोबर मापाचे. मिलला बाईंनी माफीचं पत्र पाठवलं. मी अजून मास्तरीण आहे, कारण दुसरी कोणी नाही. बायका माझ्यासमोर काही बोलत नाहीत. मी शिव्या देते तेव्हा ऐकून घेतात, पण आता हसत नाहीत.

चौकटीवरचे साबणाचे आकडे मी पुसणार होते. सगळे खोटे आहेत. फडकं घेऊन गेलेही, पण तिची आई बघत होती, म्हणून तशीच परत आले.

तिनं पुढच्या वर्षीसाठी नाव घातलं आहे. मशीन बदलून खिडकीजवळची घेतली. रोज पट्टी मागून घेते, स्वतः आखते, स्वतः ताडते. परवा तिच्या दोन पाकळ्यांच्या खाचेत चौकोन नीट वळेना. तीनदा उसवला. मी माझ्या मशिनीवरून बघत होते. सुई टिंबात ठेवायची ती विसरत होती, एवढंच. शेवटी राहवेना, उठले, जवळ गेले.

"दाखवू का जरा?" मी विचारलं.

तिनं कापड हातानं झाकलं नाही की सरकवलं नाही. मान वर करून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग असता तर मी खुर्ची ओढून बसले असते, भांडले असते, रडले असते. राग नव्हता.

"नको बाई," ती म्हणाली. "जमेल मला."

बाई. पहाऱ्यावरच्या बाईला म्हणतात तसं. मी परत येऊन माझ्या मशिनीवर बसले आणि पायाखाली एक रिकामं रीळ आलं, ते उचलून खणात ठेवलं.